आपण की आम्ही?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला. निमित्त माझ्या मावशीचं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, त्या गोल हॅटवाल्या बायका, त्यांच्या घरी राहिली होतीस ना तू? आमच्या भिशीतल्या एकीची मुलगी चाललीये पेरूला. तसं घरी राहावं का, की आपलं हॉटेलच बरं?"

मी म्हटलं, "राहावं." तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. पण मग भाजी चिरता चिरता वाटायला लागलं, की एका शब्दात देण्यासारखं हे उत्तर नव्हतं. तर हे सविस्तर उत्तर. मावशी, चष्मा लावून वाच, जरा लांबलंय.

आधी भूगोल. टिटिकाका सरोवर शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. अर्धं पेरूत, अर्धं बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर. हा आकडा परीक्षेत लिहिणं वेगळं आणि तिथे जिना चढणं वेगळं. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी पाचशे मीटर कमीच पडतात. पहिल्या दिवशी मी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि धाप लागली म्हणून तशीच बसून राहिले.

या सरोवराच्या आसपास, पेरू, बोलिव्हिया आणि चिलीच्या उत्तर टोकाला आयमारा लोक राहतात. त्यांची भाषाही आयमारा, बोलणारे साधारण वीस लाख. आधी इंकांनी त्यांना जिंकलं, मग स्पॅनिशांनी. १७८१ मध्ये तुपाक कातारी आणि त्याची बायको बार्तोलिना सिसा यांनी ला पाझ शहराला कित्येक महिने वेढा घातला होता. दोघांनाही हालहाल करून मारलं गेलं. भाषा मात्र टिकली. २००६ मध्ये एवो मोरालेस हा आयमारा शेतकरी बोलिव्हियाचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि २००९ च्या तिथल्या राज्यघटनेने छत्तीस स्थानिक भाषांना अधिकृत दर्जा दिला. हे सगळं मी जाण्याआधी वाचलं होतं. वाचून गेलं की आपल्याला बरंच कळलंय असं वाटतं. ते गावात पोचेपर्यंत टिकतं.

आम्ही गेलो २०१८ च्या जूनमध्ये. पुनो शहरापासून जवळच, चुकुइतो द्वीपकल्पावरचं एक आयमारा गाव. तिथे गावकरी मिळून पर्यटन चालवतात. म्हणजे हॉटेल नाही, घरटी एखाददुसरी खोली पाहुण्यांसाठी बांधलेली. धक्क्यावर उतरलो तर एक गृहस्थ वही घेऊन उभे. वहीत घरांची नावं आणि त्यापुढे खुणा. आमच्या वाट्याला एक घर आलं, चढावर, आतल्या बाजूचं. माझं लक्ष मात्र पाण्याकाठच्या निळ्या घराकडे. खिडकीतून थेट सरोवर दिसणारं! मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, आम्हाला ते मिळेल का? ते हसले आणि म्हणाले, त्यांची पाळी पुढच्या आठवड्यात. मी (आता लिहितानाही लाज वाटते) म्हटलं, थोडे जास्त पैसे देऊ. त्यांनी पुन्हा तितक्याच शांतपणे सांगितलं, त्यांची पाळी पुढच्या आठवड्यात. आणि वही मिटली.

चढ चढताना मी मनातल्या मनात कुरकुरत होते. गिऱ्हाईक म्हणते आहे, पैसे देते आहे, मग अडलं कुठे? नवऱ्याने धापा टाकत एकच वाक्य टाकलं, "पाटाच्या पाण्याला पाळी असते ना, तसे आपण. आपण म्हणजे पाणी." मला हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. पाटाचं पाणी ज्याचं शेत सुंदर त्याला जास्त, असं नसतं. ते पाळीनेच जातं, नाहीतर गावात डोकी फुटतात.

नंतर लक्षात आलं की ही पाळी पर्यटनासाठी शोधून काढलेली नाही. आयमारा गावात गावकीची जबाबदारीही आळीपाळीने येते. दरवर्षी नवं जोडपं ती उचलतं. जोडपं, नुसता पुरुष नाही. 'चाचा-वार्मी' म्हणजे नवरा-बायको मिळून एक माणूस पूर्ण होतो, असा तिथला विचार. ते पद म्हणजे मान आणि खर्च दोन्ही. शेतीच्या कामात आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, याला 'आयनी' म्हणतात. सगळ्यांनी घरून आणलेलं एकाच कापडावर ओतून जेवायचं, याला 'आप्थापी'. म्हणजे वाटून घेण्याची सवय आधीची. पर्यटक नंतर आला आणि त्याच वहीत त्याचं नाव पडलं.

म्हणून माझं पहिलं मत हे, की अशा ठिकाणी आतिथ्य किती गोड आहे हे बघू नका. गोड बोलणं कुठेही मिळतं. वही कुणाकडे आहे ते बघा. पाहुणा कुणाच्या घरी जाणार हे गाव ठरवतं, की शहरातला एजंट? दर कोण ठरवतं? होडी कुणाची?

होडीचं का म्हणते, तर ताकीलेची गोष्ट. ताकीले हे त्याच सरोवरातलं बेट. तिथले लोक क्वेचुआ बोलतात, आयमारांचे शेजारी. १९७० च्या दशकात तिथे पर्यटन सुरू झालं तेव्हा बेटकऱ्यांनी स्वतःच्या होड्या केल्या, पाहुणे पाळीने घराघरात वाटले, विणकामाचं सामाईक दुकान काढलं. तिथले पुरुष चालता चालता टोप्या विणतात. त्या विणकामाला २००५ मध्ये युनेस्कोने गौरवलं. पण १९९० च्या दशकात, फुजिमोरींच्या राजवटीत, खुल्या बाजाराच्या नावाखाली बेटकऱ्यांचा होड्यांवरचा हक्क मोडला. पुनोच्या कंपन्यांच्या वेगवान बोटी आल्या. आता बरेच पर्यटक सकाळी येतात, जेवतात, फोटो काढतात आणि दुपारी परत. बेट तेच, टोप्या त्याच, पण बराचसा पैसा बोटीबरोबर परत जातो. आमच्यापैकी किती जणांनी पुनोत तिकीट काढताना विचारलं असेल की बोट कुणाची?

आता माझी दुसरी चूक. घर बघून मी हिरमुसले. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात टीव्ही. मला हवं होतं गवताचं छप्पर आणि मातीच्या भिंती. घरधनीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं. माझ्यासारख्या किती जणी येऊन गेल्या असतील! त्यांनी सांगितलं, गवत दर काही वर्षांनी बदलावं लागतं, पत्रा टिकतो. बस्स. मला एकदम आजोळ आठवलं. तिथे कौलं काढून पत्रे घातले तेव्हा आम्ही कुणी संस्कृती बुडाली म्हणून रडलो नव्हतो. उलट पावसाळ्यात गळत नाही म्हणून मामाचं कौतुकच केलं होतं. मग हिच्या घरावर मी गवत का मागते आहे?

या 'अस्सल'पणाच्या हट्टाची गंमतच आहे. ती गोल हॅट, जिच्यावरून मावशीने त्या बायका ओळखल्या, ती मुळात युरोपातली. तो घेरदार परकर, 'पोयेरा', तोही स्पॅनिश काळातला. पण त्या बायकांनी हे कपडे असे काही आपलेसे केले की आता ते दुसऱ्या कुणाचे वाटतच नाहीत. एके काळी ला पाझमध्ये पोयेरा नेसलेल्या बाईला चांगल्या हॉटेलात घेत नसत, आणि आज त्याच वेषात बायका मंत्रालयात बसतात. जिला हे परकं वाटत असेल तिने आपलं उपासाचं ताट बघावं. बटाटा, साबुदाणा, दाणे, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. बटाटा तर याच अँडीज पर्वतातला, हजारो वर्षांपूर्वी इथल्याच लोकांनी माणसाळवलेला. तरी साबुदाण्याची खिचडी अस्सल मराठी नाही असं आमच्या घरी कुणी म्हणून बघावं! :)

बटाट्यावरून आठवलं. जून म्हणजे तिथला हिवाळा, चुन्यो करायचे दिवस. ही त्यांची वाळवणं. बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, ते गारठ्याने गोठतात. सकाळी उन्हाने सुटले की पायाने तुडवून पाणी काढायचं. पुन्हा रात्री गोठवायचे. असं काही दिवस केलं की काळे, खडखडीत, वजनाला हलके बटाटे तयार होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. ना वीज, ना फ्रिज. बाईंनी मलाही तुडवायला बोलावलं. मी बूट काढले, बर्फासारखे गार बटाटे पायाखाली, किंचाळले, नवऱ्याने फोटो काढला, मी बाजूला झाले. एकूण दोन मिनिटं. बाई तुडवत राहिल्या. मी चहा घेऊन आले तरी त्या तिथेच होत्या. तो फोटो माझ्याकडे आहे, खूप छान आला आहे, आणि म्हणूनच मी तो इथे लावत नाहीये.

आयमारा भाषेबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते, की त्यांच्याकडे भूतकाळ समोर असतो आणि भविष्य पाठीमागे. 'नायरा' म्हणजे डोळा, समोरची बाजू, आणि आधीचा काळही. जे घडलं ते दिसतं म्हणून समोर, जे व्हायचंय ते दिसत नाही म्हणून मागे. २००६ मध्ये राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीट्झर यांनी आयमारा लोकांच्या हातवाऱ्यांवरून हे दाखवून दिलं. आम्ही पर्यटक हे ऐकून खूश होतो आणि मनातल्या मनात एक चुकीचा हिशेब करतो, की हे लोक भूतकाळात राहतात. भूतकाळ दिसतो म्हणणारा माणूस त्यात राहत नसतो. तो आजच्या पत्र्याखाली राहतो आणि मुलीला पुनोच्या कॉलेजात शिकवतो.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल, गावकीचा कारभार म्हणजे रामराज्य. तसं नाही, आणि तसं मानणं हा आपला आणखी एक रोमँटिकपणा. बोलिव्हियाच्या बाजूला सूर्यबेट आहे, इस्ला देल सोल. इंकांच्या कथेत सूर्याचा जन्म तिथला. बेटावर तीन आयमारा गावं, युमानी, चाल्या आणि चाल्यापाम्पा. २०१७ मध्ये चाल्या आणि चाल्यापाम्पा यांचं जोरदार फाटलं. कारण पर्यटनच. अवशेषांजवळ एका गावाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, दुसऱ्या गावाने त्या पाडल्या. मग वाट अडवली गेली आणि पुढे बराच काळ बेटाच्या उत्तर भागात पर्यटकांना जाताच येत नव्हतं. म्हणजे 'समुदाय' हा शब्द आपण लांबून उच्चारतो तेव्हा तो एक असतो, जवळ गेलं की त्याला हद्दी असतात, भावकी असते, जुने हिशेब असतात. गावाकडे जमीन असलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

याचा अर्थ गावाने पर्यटन चालवू नये असा काहीजण काढतात. मला तसं वाटत नाही. भांडण झालं, कारण भांडण्यासारखं काहीतरी त्यांच्या हातात होतं. कंपनीच्या हातात सगळं असतं तर भांडायलाही काही उरलं नसतं. आणि वाट बंद करता येणं, हीसुद्धा मालकीची खूण आहे. ज्याला दार लावता येत नाही त्याचं ते घर नसतंच.

दार लावण्याचं आणखी एक रूप आपल्याला फार खुपतं. २०११ मध्ये पुनो भागात आयमारा लोकांनी चांदीच्या खाणीविरुद्ध रस्ते अडवले, सरकारला खाणीची परवानगी मागे घ्यावी लागली. डिसेंबर २०२२ नंतर पुन्हा मोठं आंदोलन झालं. ९ जानेवारी २०२३ ला जवळच्या हुलियाका शहरात एका दिवसात किमान १७ जण मारले गेले. २०२० च्या साथीत आधीच पाहुणे बंद झालेले, त्यात हे. त्या दिवसांत पर्यटकांची चर्चा वाचत होते. रस्ते कधी सुटतील, माचू पिक्चूची तिकिटं परत मिळतील का. मला राग आला, आणि मग वाटलं, मी तिथे अडकले असते तर मीही तेच विचारलं असतं. रात्री आपल्यासाठी नाच करणारे आणि दिवसा रस्त्यावर दगड टाकणारे लोक एकच. आपल्याला त्यातले नाचणारे तेवढे हवे असतात. पण त्यांनी फक्त नाचायचं कधी कबूल केलं होतं?

बोलिव्हियातल्या काही आयमारा बायकांची गोष्ट मला इथे फार आवडते. परदेशी गिर्यारोहकांच्या मोहिमांत त्या स्वयंपाक करायच्या, ओझी वाहायच्या. वर काय आहे हे रोज खालून ऐकायच्या. २०१५ मध्ये त्या स्वतःच वायना पोतोसी हे ६,०८८ मीटरचं शिखर चढल्या, पोयेरा नेसून. जानेवारी २०१९ मध्ये अकोन्काग्वा, ६,९६१ मीटर. पर्यटनाने कुणाचं काय व्हावं, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. जेवण वाढणारीने एक दिवस म्हणावं, आता मी वर जाऊन येते.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं म्हणजे लिहायला बसले.

दुसऱ्या रात्री चुलीपाशी बसलो होतो. मुन्या नावाच्या डोंगरी पुदिन्यासारख्या पाल्याचा चहा, डोकेदुखीवर रामबाण. बाईंची मुलगी आम्हाला आयमारा शब्द शिकवत होती. 'मी' म्हणजे 'नाया', 'तू' म्हणजे 'जुमा'. मग ती थबकली. म्हणाली, 'आम्ही'चे दोन शब्द आहेत, परक्यांना समजत नाहीत. 'नानाका' म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. 'जिवासा' म्हणजे तुम्ही धरून. मी जवळजवळ उडालेच. आमच्यातही आहे! आम्ही आणि आपण! स्पॅनिशमध्ये एकच 'नोसोत्रोस', इंग्रजीतही एकच. जगाच्या दुसऱ्या टोकाला, चार हजार मीटरच्या जवळपास, कुणालातरी तो फरक कळतो जो माझ्या आईने मला न शिकवता शिकवला होता. मायलेकी दोघींनी 'आपण', 'आम्ही' म्हणून पाहिलं. 'आम्ही' जास्त चांगलं जमलं.

आणि तेव्हा मला आदल्या संध्याकाळचं आठवलं. घराच्या वरच्या टेकडीवर बाई आम्हाला सूर्यास्त दाखवायला घेऊन गेल्या होत्या. खाली सगळं सरोवर तांबडं झालेलं, पलीकडे बोलिव्हियाची बर्फाळ रांग. त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, हे सरोवर 'नुएस्त्रो'. मला भरून आलं होतं. मला ऐकू आलं होतं, "हे आपलं सरोवर." दोन दिवसांच्या पाहुणीला बाई आपल्यात धरत आहेत!

पण 'नुएस्त्रो'मध्ये ते दोन्ही मावतं. आपलं, आणि आमचंही. स्पॅनिशमधून माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा शब्द गळून गेला होता. त्यांच्या मनात 'जिवासा' होतं की 'नानाका', हे विचारायची हिंमत मला झाली नाही. सकाळी बोट होती, निघालो.

आयमारा भाषेत म्हणे प्रत्येक वाक्यात सांगावं लागतं, हे मी स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणाऱ्याला तिथे मान नाही. म्हणून प्रामाणिकपणे सांगते, मी पाहिलं ते दोन रात्रींचं, एका घरातलं. त्यावरून माझं मत एवढंच, की त्या 'आमचं'च म्हणाल्या असाव्यात. आणि ते बरोबरच होतं. जाहिरातींत लिहितात, "या, आमच्या कुटुंबातलेच एक होऊन राहा." दोन रात्रींत कुणी कुटुंबातलं होत नाही. चांगल्या पाहुण्याने 'आमचं' हा शब्द न दुखावता ऐकावा, सांगितलेल्या घरात राहावं, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि जाताना ताट घासायला निदान विचारावं. 'आपलं' हा शब्द यजमानाने द्यायचा असतो, पाहुण्याने मागायचा नसतो.

तेव्हा मावशी, भिशीतल्या मैत्रिणीच्या मुलीला सांग, घरीच राहा. गरम कपडे ने, पहिल्या दिवशी जिने चढू नकोस, आणि धक्क्यावर वहीवाले गृहस्थ भेटले तर ते म्हणतील त्या घरी जा. पाण्याकाठचं निळं घर मिळालं तर नशीब.

आणि तिला कुणी सरोवर दाखवून 'नुएस्त्रो' म्हणालंच, तर तिने विचारावं, आपलं की आमचं? तिला सांग, उत्तर काहीही आलं तरी मला कळव.